रॉडनी टॅटरसॉल आणि टेंटर गल्लीचा खड्डा

नोरीन हार्गेटला दोन वर्षं गुरुवारी चॅपलच्या हॉलमध्ये जाता येत नव्हतं. कारण एक खड्डा. आणि त्याच खड्ड्यावर रॉडनी टॅटरसॉलचं अख्खं राजकारण उभं होतं.

खड्डा हॅगशॉ गावातल्या टेंटर गल्लीच्या तोंडाशी, हार्गेटांच्या दारासमोरच. तिथेच फुटपाथ उतरता केलेला, म्हणजे चाकाची खुर्ची रस्त्यावर उतरवायला दुसरी जागा नाही. पलीकडे चॅपल. तिथे गुरुवारी गावच्या बाया जमतात, मटण भरून भाजलेली पाई आणि शिजवलेले वाटाणे खातात आणि जी आली नाही तिच्याबद्दल बोलतात. नोरीनच्या कमरेचे सांधे गेले, ती खुर्चीत बसली. पहिल्याच गुरुवारी पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि ती वाटाण्याच्या भांड्यासकट रस्त्यावर पडली. त्यानंतर ती गेली नाही.

"आता माझ्याबद्दल बोलत असतील," ती खिडकीतून बघत म्हणायची.

तिचा नवरा विल्फ नगरपरिषदेच्या रस्ते टोळीचा मुकादम होता. एक्केचाळीस वर्षं. खड्डा कसा भरायचा हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण नोकरीत होता तोवर समितीच्या हुकमाशिवाय खड्डा भरता येत नव्हता, आणि निवृत्त माणसानं टोळीच्या कामाला हात लावायचा नाही, असा त्या लोकांचा दंडक. फुकट काम करून दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही. विल्फनं तो पाळला. एकोणीस वर्षं रॉडनीची वाट बघितली.

रॉडनी तरुणपणी त्याच्याच टोळीत होता. नऊ आठवडे. त्यातले दोन पावसात गेले, तीन पाठदुखीत. उरलेल्या चार आठवड्यांत त्याच्या हातात फावडं होतं हे खरं, पण ते टेकायला. पुढे तो विमा कचेरीत चिकटला, तिथे पाठ बरी झाली.

मग नगरपरिषदेची निवडणूक आली. रॉडनी खड्ड्याशेजारी उकिडवा बसला, चेहरा सुतकी केला, बोट खाली दाखवलं आणि फोटो काढून घेतला. पत्रक घरोघरी दारातल्या फटीतून आत पडलं. 'याच हातांनी मी या गावचे रस्ते बांधले.'

विल्फनं ते वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"काय झालं?" नोरीननं विचारलं. तेव्हा ती धडधाकट होती.

"रॉडनीनं रस्ते बांधलेत म्हणे."

"कधी?"

"तेच आठवतोय."

एकतीस मतांनी रॉडनी नगरसेवक झाला. शब्दाला जागून त्यानं खड्डा भरायला लावला. नेमका धो धो पावसाच्या दिवशी, कारण वर्तमानपत्राच्या फोटोवाल्याला तोच दिवस मोकळा होता. विल्फनं तोंडावर सांगितलं, "खड्ड्यात पाणी आहे. आधी कडा चौकोनी कापायच्या, सगळं कोरडं करायचं, झाडायचं, तळाला डांबराचा हात द्यायचा. मग थरावर थर टाकून धुम्मस मारायची, ठोकून ठोकून बसवायचं. नाहीतर आठ आठवडेसुद्धा टिकणार नाही."

"विल्फ, लोकांना कडा दिसत नाहीत," रॉडनी म्हणाला. "त्यांना भरलेला खड्डा दिसतो."

सात आठवड्यांनी लोकांना पुन्हा खड्डा दिसला.

रॉडनीचं काही बिघडलं नाही. पुढच्या निवडणुकीला त्यानं त्याच खड्ड्याकडे पुन्हा बोट दाखवलं. यावेळी उकिडवा न बसता वाकला, कारण पोट आलं होतं. असं चारदा झालं. त्यातच तो रस्ते समितीचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष होऊन त्यानं पहिलं काम केलं ते विल्फची टोळी मोडली आणि रस्ते बाहेरच्या ठेकेदाराला दिले. विल्फला निवृत्तीचं घड्याळ रॉडनीच्याच हातून मिळालं. ते मागे पडायचं.

विल्फ त्याला विचारायचा, "रॉडनी, खड्ड्याचं काय?"

"अरे, माझ्या हातात असतं तर उद्या भरला असता. वरून लंडनचं सरकार काही देतच नाही बघ."

म्हणून गावानं त्याला लंडनला पाठवला. खासदार झाला तेव्हा त्याच्या बायकोनं नवीन टोपी घेतली आणि त्यानं नवीन आवाज. हॅगशॉची गावरान बोली एकदम पोटातून यायला लागली. दुकानात गेला की मुद्दाम मटणाची पाई मागायचा, तीही भरपूर रस्सा घालून. घरी ती त्याच्या पोटाला चालत नाही हे त्याच्या बायकोनं स्वतः नोरीनला सांगितलं होतं.

नोरीन पडल्यावर विल्फ शनिवारी वाचनालयात गेला. खासदार तिथे लोकांची गाऱ्हाणी ऐकायला बसायचा. विल्फनं रांगेत नंबर लावला.

"नोरीन पडली, रॉडनी. त्याच खड्ड्यात."

रॉडनीनं दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. तळवे लोण्यासारखे मऊ. "विल्फ, ऐकून फार वाईट वाटलं. पण रस्ते म्हणजे नगरपरिषदेचा विषय. आता मी तिथे नाही ना. पत्र लिहितो."

पत्र आलं. जाड कागद, वर संसदेची मोहर. नगरपरिषदेला नाही, विल्फलाच आलं. प्रश्न मांडल्याबद्दल त्याचे आभार मानले होते.

नोरीन म्हणाली, "कागद चांगला आहे. खड्ड्यात बसतो का बघ."

दोन वर्षं गेली. निवडणूक पुन्हा आली. एका गुरुवारी दुपारी पक्षाचा एक कार्यकर्ता दारात उभा राहिला. कोटाला पक्षाच्या रंगाची फीत, हातात यादी.

"मिस्टर हार्गेट, एक विनंती होती. उद्या अकरा वाजता मिस्टर टॅटरसॉल येतायत, फोटो आहे. तेवढं खड्ड्यावर कुणी गाडी लावू नये असं बघाल का?"

विल्फनं त्याच्या खांद्यावरून खड्ड्याकडे बघितलं.

"खड्डा नीट दिसला पाहिजे," कार्यकर्त्यानं समजावून सांगितलं.

विल्फनं दार लावलं. मग नोरीनला म्हणाला, "टोळी मोडून नऊ वर्षं झाली. मी कुणाच्या पोटावर पाय देतोय?"

"मी हेच दोन वर्षं म्हणतेय," नोरीन म्हणाली.

त्यानं शेडमधून छिन्नी, हातोडा आणि धुम्मस काढली. बांधकामाच्या दुकानातून तयार डांबरी खडीची पोती आणली. शुक्रवारी सकाळी सहाला सुरुवात केली. कडा सरळ कापल्या, दोरी लावून. खराट्यानं झाडलं, पुन्हा झाडलं. जुन्या डब्यात डांबर तापवून तळाला हात दिला. तीन थर टाकले, प्रत्येक थराला धुम्मस. गुडघे चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, त्यांनी तसं सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. शेवटी कडांवर डांबराची रेघ ओढली. साडेदहाला तो घराच्या पायरीवर बसला. हात डांबरानं माखले होते. चहा नोरीननं धरला.

अकराला रॉडनी आला. कोटाला मोठी फीत, पायात तपकिरी बूट, बरोबर फोटो काढणारी मुलगी. बोट आधीच बाहेर काढलेलं. ते घेऊन तो रस्त्यावर एकदा वर गेला, एकदा खाली आला.

"कुठाय?"

"काय?" विल्फनं विचारलं.

"खड्डा! इथेच होता. वीस वर्षं इथेच आहे!"

"भरला."

"कुणी?" रॉडनीचा आवाज चढला. "कुणाच्या परवानगीनं? निवडणूक पाच आठवड्यांवर आलीय, विल्फ!"

"मिस्टर टॅटरसॉल, मला बाराला शाळेत दुसरे फोटो काढायला जायचंय," मुलगी म्हणाली.

रॉडनीनं क्षणभर विचार केला. एवढं मान्य करायला हवं, तो पटकन विचार करायचा. चेहऱ्यावर हसू आणलं आणि भरलेल्या खड्ड्याकडे बोट दाखवत पुढे झाला.

"कडेवर पाय देऊ नकोस," विल्फ ओरडला. "ओली आहे."

रॉडनीनं दिला. फोटो निघाला. तो वळला, बूट वळला नाही. पाय मोज्यासकट बाहेर आला आणि हॅगशॉचा खासदार एका पायावर नाचत गल्लीतल्या दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिला. मुलीनं त्याचाही एक काढला.

"लोकांना कडा दिसत नाहीत," विल्फ म्हणाला, आणि बूट उपटून दिला.

गाडी गेली. खडीत टाचेसकट बुटाचा ठसा राहिला, अर्धा इंच खोल. नोरीन खुर्ची दारापर्यंत घेऊन आली होती, ती हसून हसून बेजार झाली.

"राहू दे तो, विल्फ. गावात त्यानं केलेलं तेवढंच एक काम आहे."

विल्फनं वाकून बघितलं. "यात पाणी साचेल. गोठलं की कड फुटेल."

त्यानं मूठभर खडी टाकली, धुम्मस उचलली आणि तीन ठोक्यांत ठसा सपाट केला. कडेची रेघ पुन्हा ओढली.

नवीन पत्रक आलं : 'बोललो ते केलं.' रॉडनी निवडून आला.

पण त्याच्या कितीतरी आधी, खड्डा भरल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी, नोरीन निघाली. कुणी खुर्ची ढकलायची नाही, अशी तिची अट. मांडीवर बशीत काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला. विल्फ दारात उभा राहून फक्त पुढच्या चाकाकडे बघत होता. चाक फुटपाथवरून उतरलं, नव्या खडीवरून गेलं, पलीकडे चढलं.

चॅपलच्या दारातून तिनं कप उंच धरून दाखवला. बशी कोरडी होती.