गुरुजींच्या अल्बमातलं धुकं

हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण पुढे मला भलतंच ओशाळायचं आहे. ठणठणीत डोळ्यांच्या माणसाला मी डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. आणि तो माणूस कोण? माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी!

मुरबाडला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. वैशाखऱ्याच्या शाळेतून गुरुजी निवृत्त झाले, त्या समारंभाचे फोटो मीच काढले. नेमकं त्याच आठवड्यात मी फोटोंचं सॉफ्टवेअर बदललं होतं. जुनं कसं, आमच्या आत्यासारखं. प्रत्येक गोष्टीला विचारणार, "नक्की ना? सेव्ह करू ना?" नवं काहीच विचारत नाही. जुन्या सवयीनं फोटो सरकवायचं बटण दाबावं, तर फोटो काळापांढरा!

तर त्या दुपारी मी सगळे दीडशे फोटो एकदम निवडून जरा उजळ केले. मग एकावर थांबले. शाळेच्या पायरीवर गुरुजी एकटे उभे, मागे उन्हाळ्यातले करपलेले डोंगर.

आणि मी हरवलेच हो! पावसाळ्यात माळशेजचं धुकं खिडकीतून थेट आमच्या वर्गात यायचं. फळा दिसेनासा व्हायचा. गुरुजींचा नुसता आवाज यायचा, लांबून कुठून तरी, सातचा पाढा सांगणारा. वाटायचं, शाळा ढगावर बसून निघालीय कुठेतरी. "सुजाता, खाली ये!" गुरुजी ओरडायचे. मी तर जमिनीवरच बसलेली असायचे.

म्हटलं, गुरुजींना ते धुकं परत द्यावं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये धुक्याची एक पट्टी असते. सरकवली. डोंगर हळूहळू पुसट झाले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच तंद्रीत अल्बम छापायला पाठवला. आला तसा, पॅकिंगही न फोडता, गुरुजींच्या घरी पोचवला.

चौथ्या दिवशी गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, स्टुडिओच्या दारात. गुरुजींच्या काखेत अल्बम, चेहरा उतरलेला.

"यांच्या डोळ्यात परत पडदा आला गो," काकी म्हणाल्या. "आत्ता कुठं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलंय. आमी शहापूरला डॉक्टरकडं चाललोय, तू येतेस?"

"पण कळलं कसं?"

"तुझा अल्बम बघताना," गुरुजी म्हणाले. "लांबचं दिसतंय. जवळचं सगळं धुरकट."

"काकी, तुम्हाला दिसला ना नीट?"

"मला कसला दिसतोय? माझा मोतीबिंदू काढायचाच हाय अजून. मला सगळंच धुरकट!"

मग मी अल्बम उघडून बघितला का? नाही! शटर ओढलं आणि निघाले. वाटेत गुरुजी खिडकीतून डोंगर बघत होते. "निवृत्तीनंतर वाचीन म्हणून केवढी पुस्तकं जमवली," म्हणाले. "आता कोण वाचून दाखवणार?" मला रडू आवरेना.

शहापूरला डॉक्टरांनी आधी लांबचा तक्ता वाचायला लावला, मग जवळचा. मुंगीएवढी अक्षरंसुद्धा गुरुजींनी खणखणीत वाचली.

"मग दिसत नाही ते काय?"

गुरुजींनी अल्बम पुढे ठेवला. डॉक्टरांनी पान उलटलं. स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अहो, हे मलाही दिसत नाही!"

तेव्हा कुठे मी वाकून बघितलं. भाषण धुक्यात, शाल धुक्यात, पंगतीत तर नुसत्या जिलब्या तरंगत होत्या. माझ्या पायाखालची जमीनच सरकली! जुन्या सॉफ्टवेअरमध्ये समोरचा एकच फोटो बदलायचा. नव्यात निवडलेले सगळे बदलतात, आणि मी निवडलेले दीडशे सोडलेच नव्हते.

सगळं कबूल केलं. गुरुजींनी अल्बम हळूच मिटला.

"म्हणजे माझे डोळे…"

"ठणठणीत आहेत, गुरुजी."

त्यांनी केवढा श्वास सोडला! मग हसायलाच लागले. "चौथीत तुला रोज सांगायचो, ढगातून खाली ये. तू अख्ख्या गावालाच वर नेलंस!"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "बाई, आता तुम्ही बसा खुर्चीत. एवढं धुकं ज्यांना दिसलं नाही, त्यांचे डोळे बघू द्या."

बसले. तिसऱ्याच ओळीवर अडकले. आणि ज्या गुरुजींनी चौथीत कधी कुणाला उत्तर पुरवू दिलं नाही, त्यांनी मागून हळूच मला अक्षर सांगितलं.

तरी चष्मा लागलाच.