दूर्वांवर आळ

श्यामलाबाईंना राग यायचा नाही, राग राहायचा. चारचौघांचा राग येतो, दोन भांडी आपटतो आणि निघून जातो. यांचा एकदा घरात शिरला की अंथरूण पसरून मुक्कामाला. मिरजेला त्यांची विद्यार्थ्यांची खानावळ होती तेव्हाची गोष्ट. एका प्राध्यापकानं भरल्या पंगतीत आमटी पातळ आहे म्हणून तोंड वाकडं केलं. बाई हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वाटीत पातेल्याच्या तळाची नुसती डाळ पडायला लागली. पोळी बुडवायची सोय नाही, भात कालवायची सोय नाही. शेजारचे भुरके मारायचे आणि हा गृहस्थ आमटी चावत बसायचा. शेवटी त्यानं माफी मागितली, तरी बाईंनी आणखी काही दिवस डाळच वाढली, कारण माफीचा सूर त्यांना पटला नव्हता.

असल्या बाईशी वाकडं घेऊ नये. पण पापाकुऱ्यातल्या जनावरांच्या डॉक्टरला हे कोण सांगणार?

यजमान गेल्यावर खानावळीला कुलूप लावून बाई मुलाकडे न्यूझीलंडला, या पापाकुऱ्यात आल्या. अनिरुद्ध उजाडायच्या आत गाडी काढून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला कामाला जायचा. सून कौमुदी फार्मासिस्ट, दिवसभर दुकानात. नात श्रिया शाळेत. घरात उरायच्या त्या आणि नातीचा ससा. श्रियानं त्याचं नाव मार्शमेलो ठेवलं होतं. बाईंनी त्याला एकदा नीट पाहिलं. करडा, पोट सुटलेला, आणि समोर कुणी आलं की मान न हलवता नुसता डोळा फिरवून अर्ज नामंजूर करणारा. त्यांनी त्याला मामलेदार म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच रूढ झालं. दिवसभरात बाई मराठीत जे काही बोलायच्या ते मामलेदाराशी. पन्नास पानं वाढायची सवय असलेल्या बाईला इथं एकच जेवणारा होता, आणि तो न विचारता हजर असायचा. बाईंचा त्याच्यावर जीव होता, यात काही शंकाच नको.

इथं माळरानावरचे ससे म्हणजे शेतीचे शत्रू. त्यांना मारायला एक रोग मुद्दाम सोडलेला आहे. माश्यांवरून येतो, गवतावरून येतो, चपलांच्या तळव्यांवरून येतो, आणि रानातला ससा कोणता नि घरातला कोणता हे त्याला कळत नाही. म्हणून पाळलेल्या सशाला दरवर्षी लस टोचायची. आधी रोग सोडायचा आणि मग त्याचंच औषध विकायचं, हा धंदा खानावळीत कधी सुचला नाही, असं बाई म्हणायच्या.

पहिल्या वर्षी लस टोचल्यावर मामलेदाराच्या मानेवर गाठ आली, तिची खपली झाली, केस गेले. डॉक्टर म्हणाला, असं होतं. दुसऱ्या वर्षी गाठ नाही आली, पण मामलेदारानं खाणंच टाकलं. सशाचं पोट थांबलं की ससा संपला. बाई त्याला ओच्यात घेऊन बसल्या आणि आजारी सशांना भरवायची भुकटी पाण्यात कालवून सुई नसलेल्या सिरिंजनं त्याच्या गालात थेंब थेंब सोडत राहिल्या. तो दात खायचा. दुखत असलं की ससा तसं करतो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्याला घेऊन त्या आणि कौमुदी पुन्हा दवाखान्यात गेल्या, आणि तिथं ते घडलं.

डॉक्टर संग्राम कोल्हापूरचा. पोरगा हुशार, पण बाईंशी इंग्रजीतच बोलायचा. त्यानं विचारलं, आजी याला खायला काय घालतात? आता बाईंचा नेम असा, की ओढ्याकाठच्या मोकळ्या रानातून, इथल्या भाषेत रिझर्व्हमधून, रोज दूर्वा खुडून आणायच्या, गणपतीला वाहायच्या, आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून मामलेदाराला घालायचं. हे त्यांनी अभिमानानं मराठीत सांगितलं. संग्रामनं नर्सकडे वळून इंग्रजीत म्हटलं, "ग्रॅनी याला होली ग्रास भरवते." नर्स हसली. दार उघडं होतं, बाहेर मांजर घेऊन बसलेली बाईसुद्धा हसली. मग तो कौमुदीला म्हणाला, लशीचा काही संबंध दिसत नाही, बाहेरचं गवत पोटाला बाधलं असेल.

मामलेदार वाचला. पण बाईंनी डूख धरला तो धरलाच. देवाच्या दूर्वांवर आळ! आणि तो कुणी घ्यावा, तर लहानपणी ज्यानं स्वतः गल्लीगल्लीत दूर्वा खुडल्या असतील, त्या कोल्हापूरच्या पोरानं!

वर्षभर त्यांनी वचपा काढायची एक संधी सोडली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्याचं नाव घेऊन असं वर्णन केलं की नीताचं मांजर आणि सुमेधाचा कुत्रा दोघांनी दवाखाना बदलला. स्टेशनवर तो दिसला की त्याची गाडी रद्द व्हावी अशी त्या मनोमन इच्छा करायच्या, आणि एकदा झालीसुद्धा, तेव्हा घरी येऊन त्यांनी शिरा केला. पण एवढ्यानं भागत नव्हतं. त्यांना त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, आणि तेही मराठीत: आजी, दूर्वांनी नाही, माझ्या इंजेक्शननं झालं.

भाद्रपद इथं वसंतात येतो. दवाखान्याचा मेसेज आला की मार्शमेलोची लस जवळ आली आहे. कौमुदीनं जेवताना विषय काढला. "आई, त्याचं सगळं तुम्हीच करता. तुम्ही म्हणाल तसं करू."

"नाही टोचायची," बाई म्हणाल्या. "त्या माणसाच्या हाताखाली माझा ससा पुन्हा जाणार नाही."

"अगं पण आई, रोग आला तर?" अनिरुद्धनं विचारलं.

"दोनदा मरता मरता वाचलाय तो तुमच्या लशीनं. रोगाचं मला काय सांगतोस?"

अनिरुद्धनं भाताचं भांडं पुढे ओढलं. आईशी वाद घालून तो लहानपणीही कधी जिंकला नव्हता.

त्याच आठवड्यात बाई दूर्वा आणायला रिझर्व्हमध्ये गेल्या, तर पायवाटेच्या कडेला एक रानससा पडलेला. अंगावर जखम नाही, काही नाही. पळता पळता कुणीतरी बंद केल्यासारखा. थोडं पुढे दूर्वांच्या पट्ट्यातच आणखी एक, आणि त्याच्या नाकावर माश्या. बाईंच्या मुठीत खुडलेली जुडी होती. ती त्यांनी तिथंच टाकली. घरी आल्या, जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराबाहेर काढल्या, धुतल्या, पुन्हा धुतल्या, आणि मामलेदाराजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्याला हात लावायचीही भीती वाटत होती. त्या दिवशी गणपतीला जास्वंद वाहिली आणि वर नुसता नमस्कार केला.

संध्याकाळी त्यांनी कौमुदीला विचारलं, "लस नाही दिली आणि रोग आला तर नेमकं काय होतं?"

कौमुदीनं आडपडदा ठेवला नाही. "बहुतेक मरतात आई. रात्री चांगला असतो, सकाळी गेलेला सापडतो. औषध नाही त्याला."

"आणि लस दिली तर?"

"पुन्हा रिअॅक्शन येऊ शकते. कदाचित मागच्यापेक्षा वाईट. नाही पण येणार. कुणीच सांगू शकत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. दोन दिवस बाईंना जेवण गोड लागेना. त्या मामलेदाराच्या जाळीशी बसून राहायच्या आणि त्याच्या मानेवरून, जिथं गाठीची जागा अजून केसांविना होती तिथून, बोट फिरवायच्या. या हातानं याला पुन्हा त्या टेबलावर ठेवायचं? आणि नाही ठेवलं, तर एका सकाळी याच हातानं उचलायचा? एवढं वाईट वाटत होतं की बाईंना काही काळ संग्रामचासुद्धा विसर पडला.

तोडगा कौमुदीनं काढला. "पुकेकोहेला दुसरा दवाखाना आहे. तिथं सगळं सांगू, ते काळजी घेतील. तुम्हाला त्याचं तोंडही बघावं लागणार नाही."

शहाण्या माणसानं लगेच हो म्हटलं असतं. बाई हो म्हणणारच होत्या. पण "त्याचं तोंड" हे शब्द कानावर पडले आणि आत काहीतरी टुणकन उठून बसलं. या वेळी दूर्वा बंद होत्या. मामलेदाराच्या पोटात बाहेरची एक काडी जाणार नव्हती. म्हणजे या वेळी रिअॅक्शन आली तर त्या पोराला सांगायला सबब कुठली राहील?

"नको," बाई म्हणाल्या. "संग्रामकडेच न्यायचा."

कौमुदीनं हातातला चमचा खाली ठेवला. "आई, तुम्ही तिथं ससा नेताय की पुरावा?"

"काहीतरीच काय बोलतेस!" बाई म्हणाल्या. पण त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण सून नेमकं बोलली होती.

त्यांनी वाट पाहिली. आधी बरेच दिवस दुकानातलं सुकं गवत आणि कौमुदीनं धुतलेली कोथिंबीर, एवढंच मामलेदाराला घातलं. मग इस्त्रीची साडी नेसून, फोन चार्ज करून, त्या दवाखान्यात गेल्या. कौमुदी सोबत होती. बाईंनी फोन टेबलावर उभा करून चालू केला.

"रेकॉर्ड करतेय," त्यांनी मराठीत सांगितलं. "चालेल ना?"

संग्राम गोंधळला. "शुअर आँटी. इट्स फाइन."

"मराठी विसरलास का बाळ? का पंचगंगेचं पाणी इथं आल्यावर आटलं?"

तो कानापर्यंत लाल झाला. नर्स या वेळी हसली नाही. "नाही आजी, विसरलो नाही," तो म्हणाला. "गवत..."

"एक काडी नाही. तूच सांगितलंस ना? म्हणून बंद. आता काही झालं तर काय म्हणशील, ते आधीच ठरवून ठेव."

त्यानं ससा तपासला, पुन्हा तपासला. मागच्यापेक्षा फार हळू हातानं टोचलं. दुखू नये म्हणून औषध दिलं, पोटाची भुकटी आधीच बांधून दिली, आणि स्वतःचा नंबर लिहून दिला. त्यातला एक आकडा चुकला, तो खोडून पुन्हा लिहिला. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांना फार बरं वाटलं. गाडीत बसल्यावर त्या चक्क गुणगुणत होत्या. मांडीवरच्या पेटीत मामलेदार अंग चोरून बसला होता, त्याच्याकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. लक्ष होतं, डोळ्यांत तेल घालून होतं. त्याच्या वाटीतलं किती कमी झालं, लेंड्या किती पडल्या, मानेवर हाताला काही लागतंय का. प्रत्येक गोष्टीचा फोटो निघत होता. तक्रार कुठं करायची हे बाईंनी अनिरुद्धकडून काढून घेतलं होतं, आणि तिचं पहिलं वाक्य भाजी चिरताना मनात पक्कं केलं होतं. दुपारी मामलेदार कोपऱ्यात डोळे मिटून बसला. मागच्या वर्षी असंच सुरू झालं होतं. त्यांनी कॅमेरा उघडला. तो तसाच बसून राहिला, संध्याकाळी कोथिंबिरीलाही त्यानं तोंड लावलं नाही. बाईंनी वाटी भरून ठेवली आणि भुकटी काढून ओट्यावर मांडली.

सकाळी आवरून त्या खोलीत आल्या तेव्हा श्रिया शाळेच्या युनिफॉर्ममध्ये जाळीपाशी उकिडवी बसली होती.

"आजी! ही एट एव्हरीथिंग! अँड देअर्स हीप्स ऑफ पू!"

वाटी लखलखीत रिकामी होती आणि जाळीत ढीगभर लेंड्या पडल्या होत्या. मामलेदार पुढचे पाय जाळीवर ठेवून उभा होता आणि आणखी मागत होता.

सगळा स्वयंपाक करून पानं मांडावीत आणि कुणी जेवायलाच येऊ नये, तसं बाईंना झालं. तोंडून निघालं, "नीट बघ गं. बाजूला सांडलं असेल."

"नो, लुक."

"मानेला हात लाव. गाठ आहे का बघ. असेल बघ, असणारच."

श्रियानं मानेवरून हात फिरवला. मग वळून आजीकडे पाहिलं. ती चिडली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"आजी, डू यू वॉन्ट हिम टू बी सिक?"

तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. श्रियानंच उचलून स्पीकरवर टाकला. दवाखाना अजून उघडलाही नसेल, तरी संग्रामचाच आवाज होता, आणि मराठीत होता. "आजी, मी बोलतोय. खाल्लं का हो त्यानं? मला झोप नाही लागली."

वर्षभर साठवलेलं सगळं बाईंच्या जिभेवर होतं. "नाही खाल्लं" एवढं म्हटलं असतं तरी पोरगा अनवाणी धावत आला असता. श्रिया त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"खाल्लं," श्यामलाबाई म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं."

पलीकडून त्यानं सोडलेला श्वास खोलीभर ऐकू आला. तो आणखी काहीतरी बोलत होता, बहुधा मागच्या वर्षीच्या हसण्याबद्दल. ज्यासाठी वर्ष घालवलं ते कदाचित तोच सांगत होता. बाईंना त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. ससा जगला याचं आपल्याला वाईट वाटलं, एवढंच त्यांना ऐकू येत होतं. ज्याला ओच्यात घेऊन थेंब थेंब भरवलं तो ससा.

फोन बंद झाला. शाळेची वेळ झाली होती. श्रियानं मामलेदाराला उचलून छातीशी धरलं. बाईंनी त्याला घ्यायला हात पुढे केले.

"इट्स ओके, आजी," श्रिया म्हणाली. "आय्'ल डू इट."

तिनं त्याला स्वतःच जाळीत ठेवलं, कडी लावली, ती नीट लागली आहे ना हे एकदा ओढून पाहिलं, आणि दप्तर घेऊन गेली.