नाल्याकाठच्या दोन मुली

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही, आणि जाऊही नये. तेव्हा मी बोईसर भागातल्या एका पोलीस ठाण्यात अधिकारी होतो.

एका शाळेचे मुख्याध्यापक दोन वडिलांना घेऊन आले. दहावीतल्या दोन मुली गणवेश घालून घरून निघत होत्या आणि अधूनमधून वर्गात पोचतच नव्हत्या. पूर्वीच्या जिवलग मैत्रिणी, पण दिवाळीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. तरी गैरहजर मात्र नेमक्या एकाच दिवशी. वडिलांचं म्हणणं, कुणी पोरगा फूस लावतोय. ठाण्यातही चहाबरोबर तेच मत तयार झालं. मुलगी दिसली नाही की पोरगा शोधायचा, एवढीच आपली अक्कल.

मग एका रिक्षावाल्याचा फोन आला. औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या मागच्या नाल्याकाठी दोन शाळकरी मुली फिरतायत. "एक पुढं, दुसरी पार मागं. वॉचमन बोलतोय, भंगार चुराने आयी हैं."

महिला शिपायाने दोघींना ठाण्यात आणलं. पालकांना आणि मुख्याध्यापकांना बोलावून त्यांच्यासमोर एकेकीला वेगळं विचारलं. चष्मेवाली वीज प्रकल्पातल्या कर्मचाऱ्याची मुलगी. म्हणाली, "कंटाळा आला होता, म्हणून फिरत होते." दुसरी जवळच्या कुंभवली गावची, दोन वेण्या घातलेली. "मी तिच्यासंगं नव्हते. तिचं तिला विचारा."

दोघी खोटं बोलत होत्या, पण घाबरलेल्या नव्हत्या. चोरी करणारं पोर दाराकडे बघतं. या दोघी घड्याळाकडे बघत होत्या.

मग दोघींना एकत्र आणलं, तेव्हा शिपाईबाईंनी त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं. दोघींचे पांढरे बूट जांभळे झाले होते.

"नाल्याला आज जांभळं पाणी हाय," वेणीवाली म्हणाली.

"मागे शाळा बुडवली तेव्हा?"

तिने बूट खुर्चीखाली ओढले. मग हळूच, "तेवापण जांभळंच."

तिथे गाठ सुटली. त्यांची तिसरी मैत्रीण डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची. रविवारी कारखान्यात कामाला जायची. वेणीवालीने ते वर्गात सांगितलं, मुलं हसली, चष्मेवाली ऐकूनही गप्प बसली. त्यावरूनच दोघींचं बोलणं तुटलं. दिवाळीनंतर तिसरी शाळेत आलीच नाही. मग ती बाजारात दिसली. ओढणीखाली लपवलेले हात कोपरापर्यंत जांभळे. दोघींनी पाहिलं, ती पळून गेली. कारखाना कुठला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ज्या दिवशी तो रंग बनतो, त्या दिवशी नाला जांभळा होतो. वेणीवालीचं घर नाल्याकाठी, चष्मेवालीची बस पुलावरून जाते. पाणी जांभळं दिसलं की दोघी आपापल्या वाटेने तो रंग सोडणारा पाइप शोधत निघायच्या. एकत्र नाही. सलोखा झालाच नव्हता.

"कुणा मोठ्या माणसाला का नाही सांगितलं?"

"मोठ्या सरांना सांगितलं होतं," चष्मेवाली म्हणाली. "ते म्हणाले, त्यांच्यात असंच असतं."

मुख्याध्यापक समोरच बसले होते. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

पाणी वाहत होतं तोवर निघणं भाग होतं. कामगार खात्याच्या निरीक्षकांना बोलावून घेतलं, मुलींना जीपमध्ये बसवलं. त्या नाल्यात रंग सोडायला बंदी आहे, आणि हे तिथे सर्वांना माहीत आहे. त्या दिवशीही ती बंदी मोडली म्हणूनच पत्ता सापडला. मुलींनी दाखवलेल्या वळणावर एका पाइपातून जांभळं पाणी पडत होतं, त्यामागे शेड होती.

सुपरवायझर म्हणाला, "साहेब, पोरगी मर्जीने आलीय."

"मर्जी नाही, वय विचारतोय," मी म्हणालो.

ती पिंपाजवळ बसून रंगाची पूड भरत होती. तोंडाला नुसती ओढणी. मला पाहून दचकली, मग मागच्या दोघींकडे बघत राहिली.

"तुमी दोघी बोलाय लागल्या?"

"नाय," वेणीवाली म्हणाली.

"अजिबात नाही," चष्मेवाली.

ती हसली, आणि त्या हसण्यातच तिला खोकल्याची उबळ आली. दोघींनी एकदमच पाण्याची बाटली पुढे केली.

पंचनामा झाला, गुन्हा नोंदवला. बालकल्याण समितीने तिला वसतिगृहात ठेवलं. तिने दहावीची परीक्षा दिली. मालकाला जामीन लगेच मिळाला, हेही लिहायलाच हवं.

दोन मुली काही दिवस दिसल्या नाहीत, तर मुख्याध्यापक, दोन वडील आणि अख्खं ठाणं कामाला लागलं. तिसरी दिवाळीपासून गायब होती, तिच्यासाठी ठाण्याची पायरी कुणी चढलं नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत कुठल्याही शाळेची तक्रार आली की मी आधी विचारायचो, वर्गात आणखी कोण येत नाही? समोरचा माणूस बहुतेक वेळा आठवत बसायचा.