मेसच्या काकू आणि एन्कॅप्सुलेशन

दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग’ असं लिहून मागे वळते, तोवर कुणीतरी विचारलेलं असतं, नोट्सची पीडीएफ मिळेल का. विषय काय आहे हे कळायच्या आत त्याची विल्हेवाट लावायची, ही आमच्या मुलांची हुशारी. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास असेल तेवढ्यापुरती प्राध्यापक. तरी दर जुलैला मला मूर्खासारखी आशा वाटते. गेल्या वर्षीची आशा जरा जास्तच टिकली.

पुस्तकांत या विषयाची ओळख कुत्र्यामांजरांपासून नाहीतर मोटारीपासून होते. त्याचा मला वीट आला होता. म्हणून मी म्हटलं, ऑब्जेक्ट म्हणजे आपली माहिती स्वतःपाशी ठेवणारी आणि सांगितलेलं काम आपल्या पद्धतीनं करून देणारी वस्तू. असं कोण तुम्हाला रोज भेटतं ते सांगा. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. यवतमाळकडची, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून राहणारी.

“मॅडम, आमच्या मेसच्या काकू,” ती म्हणाली. “त्या कोणालेच पातेल्याले हात लावू देत नाही. भाजी किती उरली ते फक्त त्यायले माहीत. आपण नुसतं ‘वाढा’ म्हणाचं. आत काय कराचं ते त्या पाहून घेतात.”

वर्ग हसला, तिच्या वऱ्हाडी बोलण्याला. मी फळ्यावर पातेलं काढलं. माहिती आत झाकून ठेवायची आणि बाहेरच्यांनी फक्त मागणी करायची, यालाच एन्कॅप्सुलेशन म्हणतात, असं सांगितलं. तिनं लगेच विचारलं, की काकू गावाला गेल्या आणि त्यांची बहीण वाढायला आली तरी आम्ही ‘वाढा’च म्हणणार, म्हणजे आमचं काहीच बदलत नाही ना? हा धडा अभ्यासक्रमात बराच पुढे होता. त्या दिवशी खडकीला घरी पोहोचेपर्यंत मी स्कूटरवर एकटीच हसत होते.

ते सगळं सत्र मी तिच्याकडे बघून शिकवलं. बाकी पालथ्या घड्यावर पाणी. प्रोग्रॅम ती मुलं एआयकडून लिहून घेत, आणि तो का चालतो असं विचारलं की माझ्याकडेच संशयानं बघत. ही एक जरी असाच विचार करत राहिली तरी माझं वर्ष वाया गेलं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक येतात आणि शिकवणाऱ्यानं शेजारी बसायचं असतं. त्या गृहस्थांना जेवणाआधी बॅच संपवायची होती. एन्कॅप्सुलेशन म्हणजे काय, त्यांनी इंग्रजीत विचारलं. तिनं काकूंपासून सुरुवात केली. ते हसले. “बाळा, स्वयंपाक नको. डेफिनिशन सांग.” ती अडखळली. मी मध्ये पडले, म्हटलं, सर, तिला समजलंय, जरा पुढचं विचारून बघा.

“समजलं असेल हो मॅडम,” ते म्हणाले. “पण मार्क कशाचे देऊ? भाजीचे?”

दाराबाहेर रांगेत उभी असलेली मुलं हसली. ती काठावर पास झाली. घोकून आलेल्यांना भरपूर मिळाले. त्यांतल्या निम्म्यांना साधा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता, हे मला ठाऊक होतं. मला फार संताप आला आणि मग नुसता थकवा.

पुढच्या सत्रात त्याच वर्गाला पुढचा भाग शिकवायला मीच होते. ती आता पहिल्या बाकावर बसू लागली होती. उजळणी म्हणून मी विचारलं, माहिती झाकून का ठेवायची? ती उठली आणि तिनं पुस्तकातली इंग्रजी व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. मी म्हटलं, तुझ्या शब्दांत सांग ना.

“नको मॅडम,” ती म्हणाली. “हेच बरोबर आहे ना?”

एक शब्दही चुकला नव्हता. मी हो म्हटलं, आणि सगळ्यांनी ते उतरवून घेतलं.