जर्मनीचे चिनी

“हात मागं.” पाहुणा काचेच्या कपाटाजवळ गेला, की इनामदार एवढेच म्हणत; तेही त्याच्या तोंडाकडे न पाहता. पाहुणा कितीही मोठा असो, हात पाठीशी बांधल्याखेरीज त्याला तो संग्रह पाहायला मिळत नसे.

महाराजांच्या लवाजम्याबरोबर हे इनामदार विलायतेला गेले आणि हे मूर्तींचे वेड घेऊन कोल्हापुरात परतले. चीन कधीच न पाहिलेल्या जुन्या जर्मन कारागिरांनी, तिकडून आलेल्या मूर्ती समोर ठेवून चिनी मातीत घडवलेले ते चिनी होते. सायीसारखी कांती, डाळिंबी ओठ. त्यांतला मांडी घातलेला ढेरपोट्या हसरा होता. घरात हसणारा तेवढाच, हे तुम्हीही पहिल्या भेटीत ओळखले असते.

त्यांच्या सुनेला वाचायला शिकवण्यासाठी मी दुपारी तिथे जाई. एका मोलकरणीच्या हातून एक मूर्ती फुटली, तेव्हा तिला त्यांनी उभ्या पावली घालवले आणि घराला बजावले, की यापुढे ज्याच्या हातून नुकसान होईल, तो या घरात राहणार नाही. मला हा माणूस आवडत नसे. लिहितानाही आवडत नाही.

चैत्रात ते इनामाच्या गावी गेले होते. गौरीपुढे पायऱ्यांची आरास मांडून घरातली खेळणी तीवर बसवायची आपली रीत. सुनेने हौसेने कपाट उघडले. मोगऱ्याच्या आणि कैरीच्या डाळीच्या वासात चिनी गौरीच्या पायाशी बसले. ढेरपोट्याला कुबेर समजून बायकांनी त्याला कुंकवाने माखले. दुसऱ्या दिवशी सुनेने त्याला शिकेकाईच्या पाण्याने धुतले. कुंकू गेले, ओठ, भुवया, बुबुळेही गेली. ते रंग भट्टीत भाजलेले नव्हते, वरून नुसते लावलेले होते. हे एकट्या इनामदारांना ठाऊक होते आणि त्यांनी ते कुणालाही सांगितले नव्हते.

परतल्यावर तो कोरा चेहरा ते बराच वेळ अंगठ्याने चाचपत राहिले.

“गाडी जुंपा. सूनबाई म्हायेरी जातील.”

“परत कवा येऊ, मामंजी?”

“ह्येचं तोंड परत आलं म्हंजे.”

मुलगा खाली मान घालून उभा होता. मी मध्ये बोलले, तर मास्तरीणबाईंनी आपली बाराखडी सांभाळावी, असे मला सुनावण्यात आले.

सुनेने पदर सावरला. “न्हाई आलं, तर निरोप धाडू नका,” ती म्हणाली. “आलं, तरी धाडू नका.”

त्यानंतर इनामदारांनी मुंबईहून रंग मागवले. कुणा चिताऱ्याला हात लावू दिला नाही. स्वतःच रंगवीत, पुशीत, पुन्हा रंगवीत. टर्पेंटाइनचा उग्र वास रस्त्यापर्यंत येई. अखेर त्यांच्या हातून एक वाकडे तोंड उमटले, हसते की रडते ते न कळणारे. त्याच सकाळी त्यांनी कागलला, सुनेच्या माहेरी, गाडी धाडली. निरोप नाही, नुसती गाडी.

मी जाता जाता पाहिले, ते मूर्ती मांडीवर घेऊन ओसरीत बसले होते. दिवेलागणीला गाडी कोपऱ्यावर वळली. गाडीवानाने तिचे पडदे चारी बाजूंनी वर बांधून टाकले होते. आत कुणी नाही, हे लांबूनच दिसत होते.