अब्बांचा अमेरिकन मनोरा

काल नातीने शाळेच्या कामासाठी खळ शिजवली आणि त्या वासासरशी मला अब्बा आठवले. गणपतीच्या मंडळांसाठी ते कागदी देखावे करायचे. एका वर्षी कॅम्पातल्या रद्दीत त्यांना जुनं अमेरिकन मासिक मिळालं. त्यात तिकडच्या मंदीच्या काळातल्या जागतिक प्रदर्शनाचा पांढऱ्याशुभ्र, टोकदार मनोऱ्याचा फोटो होता. बांबू, कागद नि खळ. अब्बांनी मंडपात तो हुबेहूब उभा केला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तो मोडताना मी रडले.

"बेटा, आपलं काम कागदाचं," ते ओशाळून म्हणाले. "त्यांचं बघ, शंभर वर्षं हलायचं नाही."

काल नातीने तो अमेरिकेतला मनोरा फोनवर शोधला. आत सांगाडा, वरून प्लास्टर. प्रदर्शन संपताच तोही पाडला होता.

जन्मभर उगाच मान खाली घातलीत, अब्बा.