किंकाळी आणि गाणं जुळवणारे मामू

दिवसभर दुसऱ्यांच्या किंकाळ्या ऐकणारा हा माणूस स्वतः इतका हळू बोलायचा, की समोरच्याला पुढं वाकावं लागायचं. औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. तिथं येणारी सगळी मुलं त्यांना मामू म्हणायची, वयानं मोठी माणसंसुद्धा मामूच म्हणायची. मी भाऊ म्हणायचे. झाडलोट, पाणी आणि कपबशा एवढं माझं काम. सहा वर्षं केलं. त्यांनी मला लांबून हाक मारल्याचं एकदाही आठवत नाही. काही हवं असलं तर उठून पॅसेजमध्ये यायचे आणि जवळ येऊन सांगायचे.

कामाच्या पहिल्याच दिवशी मी फरशी पुसत होते आणि आतून एका मुलाचा आवाज आला. जीव जाताना माणूस ओरडेल तसा. मी फडकं तिथंच टाकलं आणि खाली भांडेवाल्या शेठकडं पळाले, वर कुणाला तरी मारतायत म्हणून सांगितलं. शेठ हसायला लागले. म्हणाले, "रोजचंच हाय ते. बस, पाणी पी." घाबरत वर आले तर मामू दारात उभे होते. मला वाटलं, गेली नोकरी. पण त्यांनी मला आत नेलं आणि काचेपलीकडचा मुलगा दाखवला. तो आरामात केळं खात बसला होता.

"मार नाही ताई, गाणं आहे," मामू म्हणाले. "असल्या गाण्यात दोन गळे असतात. एक किंचाळतो, एक सरळ गातो. सोडून दिलं तर एक दुसऱ्याला गिळतो. तेवढं होऊ द्यायचं नाही, हेच माझं काम."

बाहेरच्या पाटीवर 'मिक्सिंग' असं लिहिलं होतं, म्हणजे आवाज जुळवणं. ते वाचून गल्लीतली एक बाई चटणीचं भांडं अडकलं म्हणून घरचा मिक्सर घेऊन वर आली होती. मुलं पोट धरून हसली. मामूंनी पाना घेतला, तिचं भांडं सोडवून दिलं आणि तिला चहा पाजला. नंतर मुलांना म्हणाले, "तिचं काम झालं. तुमचं अजून व्हायचंय. बसा."

किंचाळणाऱ्या मुलांना ते आईसारखं जपायचे. थंड पाणी बंद, तिखट बंद. मी सकाळीच ज्येष्ठमध घालून पाणी कोमट करून ठेवायचे. घसा जळायला लागला असं कुणी नुसतं म्हटलं तरी मशीन बंद करायचे आणि उद्या या म्हणायचे. मुलांना वाटायचं, जितकं जोरात ओरडू तितकं भारी. मामू सांगायचे, "किंकाळी मोठी नसते रे, दाट असते. पोटातून काढ. गळा फक्त वाट आहे, वाटेला कशाला मारतो?" मग तोच मुलगा हळू ओरडायचा आणि ऐकताना मात्र अंगावर काटा यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नाहीतर खरं वाटलं नसतं.

दुसरी एक सवय त्यांची. गाणं जुळवून झालं की बाकीचे लोक आवाज वाढवून ऐकतात. मामू कमी करायचे, अगदी शेजारच्या खोलीतलं बोलणं वाटावं इतका कमी. "मोठ्यानं ऐकलं की सगळंच चांगलं लागतं," असं म्हणायचे. दार अर्धं उघडं ठेवून ते माझ्याजवळ बेसिनपाशी येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "ताई, कोण हरवलं?" किंचाळणारा की गाणारा, ते मी सांगायचं. पहिल्यांदा मी म्हणाले, मला काय कळतंय त्यातलं, मी चौथी शिकलेली, गाण्याचे शब्दही निम्मे इंग्रजी. ते म्हणाले, "शब्द कळत नाहीत म्हणूनच तुम्ही आवाज ऐकता. ही पोरं शब्द ऐकतात."

मग एकदा मी धीर करून त्यांना आमच्या मेंढरांचं सांगितलं. आम्ही धनगर, सिल्लोडकडचे. संध्याकाळी कळप परत आला की जाळीतली कोकरं आणि बाहेरच्या मेंढ्या एकदमच ओरडतात. शंभर आवाज, तरी प्रत्येक मेंढी आपल्याच कोकराकडं जाते. कोकराचा आवाज वर असतो आणि आईचा खाली, म्हणून सापडतं. पण एखाद्या कोकराला सर्दी झाली आणि त्याचा गळा बसला की त्याची आई नुसती गोल गोल फिरत राहते. मामूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि ते आत गेले. किंकाळीतला जो भाग गाण्याच्या जागेवर बसत होता, तेवढाच त्यांनी कोरून काढला. परत ऐकवलं तेव्हा दोन्ही गळे वेगळे दिसत होते. दिसत होते असंच म्हणावं लागेल.

त्या दिवसापासून ते मला पॅसेजमधून आत बोलवायला लागले. एकच अट घातली. म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही तसं बोलू नका."

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा शंका आली. काम करताना ते ट्यूब बंद ठेवायचे आणि पंखाही बंद ठेवायचे, आवाज नको म्हणून. त्यामुळं लाइट गेली तरी आत कळायचं नाही, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहायचा. यूपीएस मात्र बारीक आवाजात टी टी करायचा. तो वाजला की मामू आधी केलेलं काम सेव्ह करायचे, मग दुसरं काही. त्या दुपारी तो वाजत राहिला आणि मामू पडद्याकडं बघत बसले होते. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मला वाटलं, ऐकू येतंय, आता उठतील. थोड्या वेळानं कॉम्प्युटर गपकन बंद झाला आणि सकाळपासूनचं काम गेलं. मामू म्हणाले, यूपीएस बिघडला, वाजलाच नाही. मी तांब्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

मग मला एकेक दिसायला लागलं. फोन ते डाव्या कानाचा उजव्या कानाला लावायचे आणि परत डाव्याला. गाणी ऐकताना माझ्या दातांत कळ यायला लागली. गाणाऱ्याचा प्रत्येक 'स' ताटावर सुई ओढल्यासारखा आणि किंकाळी पत्र्यावर कानस घासल्यासारखी. मामूंना वरचे बारीक आवाज ऐकू येत नव्हते, म्हणून ते तेच वाढवत चालले होते. हे मला नंतर नीट कळलं. तेव्हा नुसतं टोचायचं.

पुंडलिकनगरचे निखिल आणि अस्मिता, सख्खे भाऊबहीण, मामूंकडं पाच गाणी घेऊन आले होते. निखिल किंचाळायचा, अस्मिता गायची. त्यांची ती पहिलीच गाणी, आणि पुण्याच्या लोकांना ऐकवायची होती. तोवर बरीच मुलं मामूंना सोडून पुण्याला जायला लागली होती. ही गाणी चांगली झाली तर लोक परत इकडं येतील, अशी मामूंना आशा होती. तोंडानं बोलले नाहीत, पण त्या आठवड्यात त्यांनी पाटी पुसून घेतली होती.

शेवटच्या दिवशी त्या दोघांना सोफ्यावर बसवून त्यांनी आवाज कमी केला आणि मला बोलावलं. 'कोण हरवलं' नाही, या वेळी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, टोचतंय का?"

टोचत होतं. पाचही गाण्यांत टोचत होतं. पण निखिल खुशीत मान हलवत होता. मामूंनी मान वळवून एक कान माझ्याकडं केला होता, माझं उत्तर हुकू नये म्हणून. मला तो कान बघवला नाही.

मी म्हणाले, "नाय भाऊ. चांगलं हाय."

महिन्याभरानं अस्मिता एकटीच आली. लई अदबीनं बोलली. पुण्यात लोकांना गाणी फार धारदार लागली, इयरफोनवर तर ऐकवत नाहीत, म्हणून चार गाणी तिकडं दुसऱ्याकडून परत करून घेतली, असं तिनं सांगितलं. मामूंनी दोन्ही ऐकायला मागितली, आपलं आणि त्यांचं. तीनदा ऐकली. मग तिला विचारलं, "यात फरक काय आहे?"

अस्मिता खाली बघायला लागली. पाचवं गाणं मात्र मामू तुम्हीच करा, असं म्हणून ती गेली. तिला वाईट वाटलं असणार, म्हणून एक ठेवलं.

ती गेल्यावर मामू माझ्याकडं वळले. "त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"व्हय."

"मग?"

"तुमच्याकडं बघवलं नाय, भाऊ."

ते जागेवरून उठून माझ्याजवळ आले. मग त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "ताई, माझ्याकडं बघायला कुणी सांगितलं होतं?"

एवढंच. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

ते डॉक्टरकडं जाऊन आले. दोन्ही कानांतले वरचे आवाज गेले होते आणि परत येणार नव्हते. तरुणपणी वरातींचे, मिरवणुकींचे भोंगे लावायचे, तेव्हापासूनचं असावं. कानाला मशीन लावून बोलणं ऐकू येईल, पण हे काम होणार नाही, असं त्यांनी मला कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. स्टुडिओ बंद करायचं ठरलं. पण ते पाचवं गाणं बाकी होतं आणि ते नीट करूनच उठायचं असं त्यांच्या मनात होतं.

त्यांनी मला शेजारी खुर्ची दिली. गाणं चालू राहणार, टोचलं की मी हात वर करायचा, मग ते बटण जरासं खाली आणणार. सकाळपासून आम्ही असं बसलो. सुरुवातीला माझा हात सारखा वर जात होता. मामू एकेक ठिकाणी थांबून कमी करत होते, स्वतःला ते वरचे आवाज ऐकू येत नसताना. दुपारी जेवायलाही उठले नाहीत. हळूहळू सुया गेल्या. मग अस्मिताचा आवाज मोकळा झाला, आणि त्याच्या खालून निखिलची किंकाळी आली, दाट, जवळची, पण कुठंच न खुपणारी. सहा वर्षांत मी त्यांचं इतकं चांगलं काम ऐकलं नव्हतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, भाऊ."

"टोचत नाही?"

"नाय. चांगलं हाय."

बोलले आणि माझं मलाच कळलं. त्या दिवशीचेच शब्द होते. आवाजही तोच. मला दुसरा आवाज येत नाही.

मामू माझ्या तोंडाकडं बघत राहिले. गाणं परत लावलं. परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांनी न विचारताच बटण थोडं खाली आणलं. मी म्हणाले, भाऊ, आता मंद झालं, आधीचं बरोबर होतं. त्यांनी मान डोलावली आणि अजून थोडं खाली आणलं.

"तुम्ही खरं बोलताय हे मला कळतंय ताई," ते म्हणाले. "पण माझा हात थांबत नाही."

तसंच ते गाणं गेलं. सामान विकून मामू जालन्याला बहिणीकडं गेले. जाताना मला ज्येष्ठमधाची बरणी दिली आणि कान जपा म्हणाले. फोन करत नाहीत, फोनवर आता त्यांना नीट कळत नाही.

मी आता पुंडलिकनगरात दोन घरी स्वयंपाक करते. पाचही गाणी माझ्या मोबाइलवर आहेत. पुण्याची चार लखलखीत आहेत. पाचवं लागलं की निखिल गोधडीखालून ओरडतोय असं वाटतं. त्यातलं जे निघून गेलं ते कसं होतं, हे ऐकलेलं माणूस मी एकटीच.

मागच्या महिन्यात अस्मिता रस्त्यात भेटली. मामूंची चौकशी केली. बोलता बोलता म्हणाली, शेवटी शेवटी त्यांना बिचाऱ्यांना काहीच ऐकू येत नव्हतं ना. मी कधी कुणाला मधेच तोडत नाही, पण तेव्हा तोडलं. सांगितलं की त्यांनी ते गाणं एकदा अगदी बरोबर लावलं होतं, पुण्याच्या चारांपेक्षा चांगलं, मी शेजारी बसून ऐकलंय, माझ्यामुळं ते बिघडलं. रस्त्यावर उभं राहून मी इतकं बोलले, की रिक्षावाला वळून बघायला लागला.

अस्मितानं माझा हात हातात घेतला. "हो मावशी," ती हळूच म्हणाली, "छानच झालंय ते गाणं." आणि रिक्षात बसून गेली.